दोन वाटा आणि एक पूल

आमचे मामा गेल्या वाटेने कधी परत येत नसत. शिरूरहून दौंडला न्हावऱ्यावरून गेले, तर येताना जीप पार केंदूरकडून फिरवायला लावत. ड्रायव्हर कुरकुरला की म्हणत, “ईदच्या नमाजाला एका वाटंनं जायचं आन् दुसरीनं यायचं. आब्बानं लावलेली सवय हाय, आता कुठं मोडू?”

मामा म्हणजे मोबाइल कंपनीतले माझे साहेब, शिरूरच्याच मुसलमान घरातले; सगळे त्यांना मामाच म्हणत. टॉवर एकमेकांना जोडणाऱ्या फायबर केबलचा मार्ग ते आखत. मोबाइल तेव्हा नुकता गावोगाव पोचला होता. कारखान्याची शिफ्ट सुटली की कारेगावच्या टॉवरवर फोनांची झुंबड उडे. अशा वेळी शेजारच्या टॉवरने भार उचलावा, आणि त्यासाठी दोन्ही टॉवरचं बोलणं थेट व्हावं, हा मामांचा हट्ट. “शेजाऱ्याला हाक मारायला पुण्याला कशापायी जायचं?” आणि ही वाट कधी बंद पडू नये म्हणून त्यांच्या नकाशात केबलची नेहमी रिंग असे. दौंडला एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने परत. एकीकडे जेसीबीने केबल तोडली, तरी दुसरीकडून फोन चालू.

या रिंगसाठी भीमेवरचे दोन वेगळे पूल त्यांनी धरले होते. ठेकेदाराने दुसऱ्या पुलाच्या परवानगीची कटकट टाळली आणि दोन्ही केबल एकाच पुलावरून, एकाच पाइपातून नेल्या. मामांनी कठड्याशी वाकून तो पाइप बघितला. “ही रिंग न्हाई, दोरी हाय,” एवढंच बोलले.

काम पुरं झाल्याची सही त्यांची लागणार होती. सही झाली की पुण्याला बदली पक्की. बायको आणि कॉलेजातली मुलगी तिथे राहत होत्या. मामा कित्येक वर्षं फक्त रविवारचे बाप होते. वरून फोनावर फोन आले. मीही हात जोडले, “मामा, करून टाका. कोण बघतंय?”

“आरं, जवा तुटंल तवा दौंडात कुणीतरी दवाखान्याला फोन लावत आसंल. त्याला ह्यो कागद दावायचा व्हय?”

सही दुसऱ्याने केली. मामांना थेट गोंदियाला धाडलं. शिरूरच्या स्टँडवर त्यांना सोडायला गेलो. त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. पुढे ते पुण्यात आले ते मुलीच्या लग्नाला, पाहुण्यासारखे.

त्या पुलावर केबल आजवर एकदाही तुटलेली नाही. मामांचं खरं होतं असं दाखवणारं काही घडलंच नाही. तरी मला ते बरोबरच वाटतात, आणि म्हणूनच जीव हळहळतो.