चिकलठाण्याची कॅप्टन, फुकेतची काकू

फुकेतला विमानं बघायला जायचं असेल तर जानेवारीत जा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं माझं डोकं फिरलं की राहून जाईल. हिवाळ्यात तिथं वारा पूर्वेकडून असतो, त्यामुळं विमानं समुद्राकडून येतात आणि किनाऱ्यावरून अगदी खाली उतरतात. पावसाळ्यात वारा फिरतो, विमानं पलीकडच्या टोकानं उतरतात आणि आपण वाळूत उभं राहून उडालेली, लांब गेलेली विमानं बघत बसतो. स्वस्तातलं पॅकेज म्हणून जूनमध्ये गेलात आणि हात हलवत परत आलात तर मला बोल लावू नका.

हे वाऱ्याचं गणित मी तिघांच्या डोक्यात उतरवायला दोन महिने घालवले. तिघं म्हणजे दिलीप, अंकुश आणि फय्याज. दिलीपचं सिडकोत मेडिकल आहे. अंकुशचं लासूर स्टेशनला खत-बियाण्यांचं दुकान. माल भरायला शहरात आला की विमान बघितल्याशिवाय परत जात नाही. फय्याज लग्नाचे फोटो काढतो. आणि मी टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली, दोन नातवंडांची आजी. आमची ओळख इथल्याच चिकलठाणा विमानतळाच्या कुंपणाबाहेर झाली. संध्याकाळचं विमान बघायला चार वेडे एकाच जागी येऊन उभे राहिले की बोलणं होणारच.

सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून केलेली, त्यामुळं माझा कान तयार आहे. विमान दिसायच्या आधीच आवाजावरून सांगते, पंख्यांचं एटीआर आहे की एअरबस. पहिल्यांदा सांगितलं आणि बरोबर निघालं तेव्हा अंकुश म्हणाला, "आरं बापरे, ह्या तर कॅप्टन हायेत!" तेव्हापासून मी कॅप्टन. घरात मला आई, आजी, वहिनी, "अगं ऐकलं का" अशा सगळ्या हाका आहेत, पण त्या नात्यानं आलेल्या. ही एक मी स्वतः कमावली होती आणि मला ती फार आवडायची, लपवायचं कशाला!

कुंपणाबाहेरून विमान बाजूनं दिसतं. पोट दिसत नाही. मला मोठं विमान, आपल्याकडं येतात तसली छोटी नव्हे, चांगलं लांबलचक ट्रिपल सेव्हन, बरोबर डोक्यावरून जाताना बघायचं होतं. ते गेल्यावर मागं हवेत एक आवाज राहतो म्हणतात, तोही ऐकायचा होता. फुकेत विमानतळाला लागून असलेल्या माय खाओच्या किनाऱ्याबद्दल मीच शोधून काढलं. गंमत म्हणजे आपली चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम, फुकेतचीही पूर्व-पश्चिम, आणि दोन्हीवर रंगवलेले आकडेही तेच, शून्य नऊ आणि सत्तावीस. हे सांगितल्यावर तिघंही असे काही खूश झाले, जणू सोयरीक जुळली.

अडचण एकच होती, थायलंड! आपल्याकडं पुरुषांनी थायलंडचं नाव काढलं की समोरचा आधी डोळा मारतो. "विमानं बघायला? असं का, असं का!" दिलीपची बायको तर तोंडावर म्हणाली, "विमानं बघायला तिकडं कशाला, इथं काय बैलगाड्या उतरतात?" मग मीच तिन्ही घरी गेले. तिन्ही घरचा चहा प्यायले. "मी बरोबर आहे ना? दिवसा विमानं आणि रात्री वेळेवर झोप. माझा शब्द आहे," असं सांगितलं. तिघांना परवानगी मिळाली.

नंतर पंधरा-वीस दिवसांनी कुंपणापाशी दिलीप म्हणाला, "काकू, राग मानू नका..."

वाक्य पुरं व्हायच्या आधीच मला कळलं. इतक्या वर्षांत हा माणूस मला पहिल्यांदा काकू म्हणाला होता.

"घरी विषय निघाला. तीन गडी आणि एक लेडीज म्हटल्यावर लोक काय म्हणतील? काका येत असते तर प्रश्नच नव्हता."

काका, म्हणजे आमचे हे, विमानात पाय ठेवायच्या विचारानंच घामाघूम होतात, हे दिलीपला पक्कं ठाऊक. ह्यांची काही हरकत नव्हती. "जा की, तुझी हौस आहे," एवढंच म्हणाले होते. हरकत निघाली ती ज्यांच्या घरी मी चहा पिऊन आले त्यांच्याकडून.

"अरे, आजी झालेली बाई मी," मी म्हटलं. "लोक काय कपाळ म्हणणार?"

अंकुश बुटाच्या टोकानं माती उकरत बसला. "आमचं काय नाय ओ. पण गावाकडं लई बोलतेत."

फय्याज कॅमेऱ्याची काच पुसत राहिला.

"प्लॅन तेवढा पाठवून द्या हां," दिलीप जाताना म्हणाला. आणि मी पाठवला! कोणत्या वारी कोणतं विमान, कुठं उभं राहायचं, सावली कुठं, सगळं. का पाठवला ते मला अजून कळलेलं नाही. ह्यांनी मात्र बरोबर सुनावलं, "तुला कॅप्टन म्हटलं की तू विरघळतेस."

चार दिवस रडले, चिडले, ह्यांच्यावर उगाच खेकसले. मग मुंबईच्या एका टूरवाल्यांची फक्त बायकांची सहल शोधली. आठवडा मला हवा तोच, जानेवारीतला, आणि त्यात शनिवार मोकळा. गुलमंडीच्या बाजारात जाऊन दोन सुती पंजाबी ड्रेस आणि रुंद काठाची टोपी घेतली. टोपी बघून दुकानदार म्हणाला, "गोवा क्या, आंटी?" मी म्हटलं, "थायलंड." त्यानं टोपी पिशवीत घातली. बाईनं थायलंड म्हटलं की डोळाही मारता येत नाही बिचाऱ्यांना.

आता कामाचं. सकाळच्या रेल्वेनं मुंबई गाठायची, तिथून फुकेतला थेट विमान आहे, साधारण साडेचार-पाच तास. मी गेले तेव्हा व्हिसा लागला नाही, फक्त निघायच्या आधी ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज भरावा लागला. पण नियम बदलत असतात, तेव्हा आपलं आपण तपासा. शाकाहारी असाल तर "जे" हा शब्द पाठ करा. नुसतं व्हेज म्हटलं तर भातावर मासळीचा रस हमखास येतो. "जे" म्हटलं की मासे, अंडी सगळं वगळून देतात.

माझ्या खोलीत सोयगावच्या विमलताई होत्या. शेतकरी कुटुंब, मुलगा पुण्यात नोकरीला, त्यानं आईला हट्टानं पाठवलेलं. त्यांनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी इतकी आणली होती की पहिले दोन दिवस आम्हाला "जे"ची गरज पडली नाही. समुद्र बघून त्यांनी हात जोडले, बोटीत उलट्या केल्या आणि बेटावर उतरल्यावर पुन्हा हात जोडले. बेटं सुंदर आहेत, डोंगरावरची बुद्धाची मोठी मूर्तीही बघण्यासारखी आहे, पण त्याचं वर्णन तुम्हाला कुठंही मिळेल. माझं चित्त शनिवारावर होतं.

शनिवारी बाकीच्या बायका बाजारात गेल्या. विमलताई म्हणाल्या, "मला काय घ्यायचं नाय. तू कुठं चाललीस?"

"विमान बघायला."

"विमानातूनच आलो की गं आपण!"

तरी आल्या. आमचं हॉटेल पटोंगला होतं, तिथून माय खाओला टॅक्सीनं साधारण तासभर लागतो. टॅक्सी महाग आहे, जाऊन-येऊन दीडेक हजार बाथ धरून चाला, आणि परतीचं आधीच ठरवून ठेवा. एका बाजूनं गेलात तर राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट पडतं. धावपट्टीच्या अगदी समोर उभं राहायला मनाई आहे, तसे फलक आहेत, रखवालदारही फिरतात. थोडं बाजूला सुरूची झाडं आहेत, तिथं सावलीला बसायचं आणि विमान येताना वाळूत यायचं. पाणी आणि टोपी विसरू नका.

सुरूच्या झाडाखाली पोचले तर समोर तिघं. अंकुश पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा, दिलीपच्या हातात मोबाइल आणि मोबाइलात माझा प्लॅन. नवल कसलं, शनिवार मीच लिहिलेला होता.

"अरे, कॅप्टन!" दिलीप दोन्ही हात पसरून ओरडला. "बघा, आल्याच की तुम्ही! उगाच टेन्शन घेतलं सगळ्यांनी."

नमस्कार झाला, चिवडा निघाला. "कॅप्टन, हे कोणतं? कॅप्टन, मोठं कधी?" पाच मिनिटांत मी पुन्हा कुंपणाबाहेरची मी झाले. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं. छोटी विमानं एकामागून एक येत होती, मी नावं सांगत होते, आणि मधली सगळी कडू गोष्ट जणू घडलीच नव्हती.

मोठं विमान त्या दुपारी एकच होतं. नंतरची मोठी यायच्या आत आम्हाला हॉटेलवर परतायचं होतं, दुसऱ्या दिवशी निघायचं. म्हणजे माझ्यासाठी हेच एक. त्याची वेळ जवळ आली तशी मी वाळूत जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात दिलीप फय्याजचा कॅमेरा घेऊन आला. "कॅप्टन, एक काम करा ना. आमचा ग्रुप फोटो. वर विमान आणि खाली आम्ही तिघं. फय्याजलाही यायचंय, नेहमी तोच काढतो."

"बस दबाके रखो," फय्याज म्हणाला. "सेटिंग करके दिया मैं."

ग्रुप फोटो! माझ्या हातात कॅमेरा, आणि समोर ग्रुप. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण सवय वाईट. कॅमेरा हातात घेतला.

विमलताईंना मी पहिल्याच रात्री सगळं सांगून बसले होते. त्या मागून मोठ्यानंच म्हणाल्या, "हेच व्हय ते? तुला घरी ठिवून आलेले? अन् तू त्यांचा फोटू काढतीस?"

तिघांनीही ऐकलं. तरी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीत उभे राहिले. मी कॅमेऱ्यात डोळा घातला. त्या चौकोनात तीन डोकी आणि वर रिकामं आभाळ. आणि मग आवाज आला. तो आवाज मी फक्त मोबाइलवर ऐकलेला, जाड, खोल, छातीत शिरणारा. चौकोनात विमानाचं नाक दिसलं, एवढंसं, डबीत कोंडल्यासारखं. मी कॅमेरा खाली केला आणि वर बघितलं.

चाकं दिसली, मोजता येतील इतकी जवळ. पोट दिसलं, पांढरं, त्यावर तेलाचे ओघळ. पंखांची सावली आमच्यावरून सरकली. विमलताई "अगं बाई बाई बाई" करत खालीच बसल्या. विमान कुंपणापलीकडं गेलं आणि काही क्षणांनी, सगळं शांत झाल्यावर, हवेत वरच्या वर कुणी लांब रेशमी कापड फाडत न्यावं तसा आवाज आला. ऐकायचा होता तो हाच. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते.

"दाखवा, दाखवा!" दिलीप धावत आला. बटण माझ्या बोटाखाली दाबलेलं राहिलं होतं. पंचवीस-तीस फोटो निघाले होते, सगळ्यांत वाळू आणि सहा पाय.

"काकू!" दिलीपचा चेहरा उतरला. "काय केलं हे? एक बटण दाबायचं होतं फक्त!"

लगेच काकू. मी म्हटलं, "बटण दाबलंय बाबा. तुम्ही तिघं आहातच की त्यात."

अंकुशला हसू फुटत होतं, त्यानं दाबलं. फय्याज माझ्याजवळ आला, कॅमेरा घेतला आणि हळूच म्हणाला, "एकीच बार आरा था मैं फोटू में, कॅप्टन." मला वाईट वाटलं ते त्याचं. बाकी दोघांचं नाही, आजही नाही. टॅक्सीत बसल्यावर विमलताईंनी माझा हात धरला, तो हॉटेल येईपर्यंत सोडला नाही.

परत येऊन आता दोन महिने होतील. कुंपणापाशी मी एकदाच गेले. दिलीप दोन नव्या पोरांना सांगत होता, काकूंनी आमचा फोटो घालवला. पोरं हसली. मीही हसले आणि घरी आले. तेव्हापासून मुकुंदवाडीच्या आमच्या गच्चीवरूनच बघते. पैसे वसूल झाले का, असं बऱ्याच जणी विचारतात. झाले. पोट बघितलं, तो आवाज ऐकला. चिडचिड एवढीच, की तो कसा होता ते ज्यांना सांगितलं असतं ते तिघं त्याच वाळूत उभे होते आणि कॅमेऱ्याकडं बघून हसत होते. त्यांनी ऐकलाच नाही.

परवा दिलीपचा मेसेज आला. "कॅप्टन, पुढच्या वर्षी जपान करायचं म्हणतोय. मस्तपैकी प्लॅन करून द्या ना."

मी लिहायला घेतलं. कोणता महिना, कोणतं विमानतळ, गच्ची कुठल्या इमारतीची चांगली. अर्धं लिहून झाल्यावर बघितलं आपण काय करतोय ते. सगळं पुसलं आणि लिहिलं, "काकूंना त्यातलं काय कळतंय?"

दोन निळ्या खुणा आल्या. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर आवाज आला. पाण्याच्या टाकीमागून फक्त शेपटी दिसते, पण बघायची गरज नव्हती. मी मोठ्यानं म्हटलं, "एअरबस."

खालून हे ओरडले, "काय म्हणालीस?"

"काही नाही," म्हटलं आणि कपडे घेऊन खाली आले.