मनगटाएवढा बार

डोंगरात पोस्टिंग आल्याचं कळलं तेव्हा मी रजेवर अणदूरला होतो. घरच्यांनी खंडोबाचा भंडारा पुडीत बांधून माझ्या खिशात घातला आणि तिकडं थंडी फार असते का, असं विचारलं. थंडीचं मला काही वाटत नव्हतं. मला भीती होती उंचीची, आणि ती घरात कुणालाच ठाऊक नव्हती. आमच्या शेतातल्या विहिरीच्या काठावर मी आजवर कधी उभा राहिलेलो नाही. मोटार चालू करायची तर पेटीपर्यंत जायचं, बटण दाबायचं आणि माघारी फिरायचं. असा माणूस फौजेत कसा गेला म्हणाल, तर भरतीच्या मैदानावर विहीर नव्हती.

मी तेव्हा लान्स नायक माने, रेडिओ ऑपरेटर. पेट्रोलला, म्हणजे गस्तीला, निघालं की सेट माझ्या पाठीवर. आमची पोस्ट पूर्वेकडच्या डोंगरात होती. खाली खोल नाला, वर उभा कडा, आणि मधून एका वेळी एकच माणूस जाईल अशी पायवाट. पावसाळ्यात तीही जागोजाग खचायची. पहिल्या पेट्रोलहून परतलो तेव्हा मला बुटाची नाडी सुटेना. समोर बसलेल्या एका नायकानं ते पाहिलं. त्यानं माझी नाडी सोडली आणि मग गाव विचारलं.

अणदूर म्हटल्यावर तो हसला. तो सोनारीचा, परांडा तालुक्यातला. नायक सलीम शेख. त्याचे वडील रशीदचाचा विहिरी खोदायचे, उन्हाळ्यात जुन्या विहिरींचा गाळ काढायचे. भरती होण्याआधी सलीमही त्यांच्याबरोबर विहिरीत उतरायचा. मला ज्याच्या नुसत्या विचारानं घाम फुटायचा, त्यावर त्यांचं घर चालायचं.

पोस्टवर चिनअप मारायला एक बीम, म्हणजे आडवा लोखंडी बार, होता. सलीमनं त्याला फाटक्या कांबळ्याच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि वरून टायरची जुनी ट्यूब आवळली. बार इतका जाड झाला की मुठीत मावेना, अंगठा बोटांना भेटेना. मग त्यानं पत्र्याच्या दोन डब्यांत सिमेंट ओतलं, मधे तसलाच जाड पाईप बसवला आणि ते धूड रोज जमिनीवरून उचलायला सुरुवात केली. जवानांनी त्याचं नाव ठेवलं मुसळ. साध्या बीमवर हसत हसत चिनअप काढणारे हरियाणाचे दांडगे गडी मुसळापुढं लगेच हात टेकायचे. दंडात जोर होता, पण बोटं उघडायची. सलीम अंगानं किडकिडीत, पण जाड बीमला लटकून आरामात गप्पा मारायचा.

एवढा जाड बार कशाला, असं मी त्याला विचारलं. त्यानं जाकिटाच्या बाहीसकट माझं मनगट मुठीत धरलं, मग तोच हात बारवर ठेवला. जाडी सारखीच होती.

"डोंगरात बार कोण धरतंय? माणूस धरायचा असतोय," तो म्हणाला. "पंजा न्हाय धरायचा, पंजा घामानं सुटतो. मनगट धरायचं. त्यानं तुझं, तू त्याचं. एकाची बोटं सुटली तरी दुसऱ्याची ऱ्हात्यात."

हा त्यांच्या घरचा रिवाज. गाळ वर ओढायला यारीचं यंत्र असतं, पण विहिरीतून चढून आलेल्या गड्याला शेवटी काठावरचा माणूसच हात देतो, आणि तो मनगट धरूनच. दुसरा रिवाज म्हणजे वरच्यानं बोलत राहायचं. काहीही, पीकपाण्याचं, घरचं. खालच्याचं ध्यान खोलीकडं गेलं की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस जड होतो, असं रशीदचाचा सांगायचे.

मी मुसळ उचलायला लागलो ते निव्वळ भीतीपोटी. पीटी झाली की लटकायचं, मग डबे उचलायचे. पहिले काही दिवस चहाचा मग दोन्ही हातांनी धरावा लागे आणि सलीम मला बाळंतीण म्हणून चिडवी. पकड वाढत गेली. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही. प्रत्येक पेट्रोलच्या आधी मी खिशातली पुडी चाचपायचो.

त्या दिवशी पाऊस उघडला होता. नाश्ता करून आम्ही निघालो. पुढं पेट्रोल कमांडर सुभेदार साहेब, मग सलीम, मग मी, मागं बाकीचे. दोर सगळ्यात शेवटच्या जवानाकडं. दुपारी परतताना एका वळणावर सुभेदार साहेब पार झाले, सलीम पार झाला, आणि मी पाय टाकला तशी पायाखालची वाट गेली.

छाती काठावर आपटली आणि मी घसरलो. उजवा हात वर राहिला होता. सलीमनं अंग झोकून दिलं, पालथा पडला आणि ते मनगट दोन्ही हातांनी धरलं. खांद्यात काहीतरी निखळल्याचं मला कळलं. माझी बोटं आपोआप त्याच्या मनगटावर मिटली. बाही ओली होती, जाड होती, अंगठा बोटांना भेटत नव्हता. ती जाडी माझ्या हाताला ओळखीची होती.

खाली नाला गर्जत होता. माझी पँट ओली झाली, आणि पाऊस तर उघडलेला होता. सिनेमात असा लटकलेला जवान म्हणतो की मला सोड, तू जा. मी तसलं काही म्हणालो नाही. मी म्हणत होतो, "सोडू नको. सलीम, सोडू नको."

"कोई आगे नहीं आएगा! वजन पड़ेगा," सुभेदार साहेब ओरडले. "रस्सी लाओ!"

दोर आणणाऱ्याला खचलेली जागा टाळून वरच्या झाडीतून वळसा घालून यायचं होतं. तेवढ्यात माझ्या पाठीवरचा सेट खरखरला. पोस्टवरून विचारणा होती; चार्ली हे आमच्या पेट्रोलचं रेडिओवरचं नाव. "चार्ली, लोकेशन बताओ, ओवर." कुणी उत्तर देईना. थोड्या वेळानं पुन्हा, "चार्ली, लोकेशन बताओ, ओवर."

"माने," सलीम वरून म्हणाला. आवाज अगदी रोजचा. "यंदा काय पेरलंय?"

मी खाली बघणार होतो तो वर बघितलं. "सोयाबीन."

"तूर न्हाय टाकली?"

"टाकलीय. आंतरपीक."

"उगवण कशी हाय?"

"बरी हाय म्हणत्यात."

त्याच्या हनुवटीवरून चिखलाचं पाणी माझ्या तोंडावर ठिबकत होतं. कपाळाच्या शिरा टरारल्या होत्या. तरी तो विचारत राहिला. म्हैस व्याली का, अणदूरला यात्रेला गर्दी किती होती, बहिणीचं लग्न कधी. मी एकेक उत्तर देत गेलो. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, आणि इतकं सरळ कधी बोललो नव्हतो.

मागचे जवान वळशानं दोर घेऊन आले. सलीमच्या बाजूनं एक जवान सरपटत आला आणि त्यानं माझ्या काखेखालून फास अडकवला. सगळ्यांनी ओढलं. मी वाटेवर येऊन पडलो तरी सलीमची बोटं माझ्या मनगटावर तशीच होती. ती त्याला उघडता येईनात. सुभेदार साहेबांनी एकेक करून सोडवली आणि माझ्या काखेतला फासही काढला.

तेवढ्यात वरून आवाज आला. आधी बारीक खडे, मग मोठं काहीतरी.

"रस्सी पकड़ो! सब रस्सी पकड़ो!"

दोराचं दुसरं टोक पुढच्या झाडाला बांधलेलं होतं. मी डाव्या हातानं दोर धरला आणि अंगाला वेढा दिला. सलीम माझ्या शेजारी होता. त्यानं दोरावर हात ठेवला. मी बघत होतो. बोटं मिटेनात. दोर बोटाएवढा होता, लहान पोरानंही धरला असता. तो स्वतःच्या हाताकडं बघत राहिला, हा हात आपला नव्हेच अशा नजरेनं. मग दगडमाती आली. ती गेली तेव्हा माझ्या शेजारी चिखल होता.

सुभेदार साहेबांनी माझ्या पाठीवरचा हँडसेट उचलला आणि एकदाचं लोकेशन दिलं. सलीम दुसऱ्या दिवशी खाली नाल्याच्या वळणावर सापडला.

मी हॉस्पिटलात होतो, त्यामुळं त्याच्याबरोबर सोनारीला जाता आलं नाही. रजा मिळाली ती श्रावणात. धाराशिवहून परांड्याची एसटी धरली आणि त्या सीटवर मला कड्यापेक्षा जास्त भीती वाटली. माझ्यापायी ज्याच्या हातातली पकड संपली, त्याच्या बापापुढं कुठल्या तोंडानं बसायचं? दोनदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं.

रशीदचाचा दारात बाजेवर बसले होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, चहा सांगितला.  मग म्हणाले, "गावात लोकं म्हणत्यात, सलीमचा हात सुटला. म्या कुणाला काय म्हटलं न्हाय. तू तिथं हुतास. खरं सांग. त्याच्या हातनं कुणी खाली गेलं का?"

तेव्हा मला कळलं की हा म्हातारा माझ्याइतकाच घाबरलेला होता, आणि महिनाभर एकटा घाबरलेला होता.

"न्हाय चाचा," मी म्हणालो. "त्याच्या हातात मी होतो."

त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं, हात मिळवतायत. पण त्यांनी माझं मनगट धरलं, उजवं, बरोबर त्याच जागी. माझी बोटं त्यांच्या मनगटावर गेली. माझ्या छातीतून हुंदका फुटला तशी त्यांनी पकड घट्ट केली.

"यंदा काय पेरलंय?" त्यांनी विचारलं.

त्या बोलण्याबद्दल मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"सोयाबीन," मी म्हणालो.

"तूर न्हाय टाकली?"

 त्यांनी मनगट सोडलं नाही. एकेक विचारत राहिले, मी शांत होईपर्यंत.

आता मी रिटायर होऊन धाराशिवला असतो आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मैदानावर शिकवतो. विहिरीच्या काठावर आजही उभा राहत नाही. मैदानात एक बीम आहे, कांबळ्याच्या पट्ट्या आणि ट्यूब गुंडाळलेला. पोरं त्याला लटकतात, मी खाली उभा राहून त्यांना पीकपाणी विचारतो आणि ती हसतात. हसू दे. पण हात लावायच्या आधी प्रत्येकानं एक नाव घ्यायचं, एवढा नियम आहे. नायक सलीम शेख, सोनारी.