माईकवरून घेतलेलं नाव

आमच्यात बायकोचं नाव घेत न्हाईत. लग्नात घास भरवताना एकदा घ्यायला लावलं होतं, तवाबी मी ओठातल्या ओठात पुटपुटलो. पुढं सगळा संसार 'ऐकतीस का' वर निघाला. ती डाळमिलमध्ये तूर निवडायला जायची, मी मोंढ्यात धान्याची पोती उचलायचो.

ती गेल्याला आता एक पावसाळा झाला. तूर निवडताना ती रेडिओवरचं एक जुनं गाणं गुणगुणायची. मला चाल ठाऊक, शब्द दोनच. ते डोक्यात असं घुसलं की भाकर खातानाबी तेच. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, गंजबाजारातल्या जुन्या बारमध्ये आता संध्याकाळी गाणारे बसवायलेत, कुणी सांगंल ते गाणं म्हणतात. चला, मी सोडतो.

मी जन्मात दारूला शिवलो न्हाई. पिणाऱ्या हमालांना तोंडावर शिव्या घातल्या. निजामाच्या वक्ताची ती इमारत, तिच्या दगडी पायरीवर कैकदा दम खाल्ला, पण आत पाय टाकला न्हाई. त्या दिवशी टाकला. आत सागवानी खांब, वर छताला काळी पडलेली लाकडी तख्तपोशी, आणि भिंतीला लागून पलंगाएवढा लाकडी चौथरा. त्यावर देगलूरकडचा एक गाणारा अन् एक कीबोर्डवाला. मी दाराजवळच्या टेबलावर बसून सोडा मागवला. वेटरनं दोनदा विचारलं, नुसता सोडा?

फर्माइश चिठ्ठीवर लिहून द्यायची तिथली रीत. मला लिहायला येळ लागतो, अन् लोक बघतात. म्हणून मीच उठून चौथऱ्यापाशी गेलो. चाल गुणगुणून दाखवली. गाणाऱ्यानं लगेच ओळखली. मग त्यानं वाकून विचारलं, "मामा, कुणाच्या नावानं म्हणू?"

"घरच्यांच्या."

"घरच्यांना नाव असंल की. इथं नाव घेऊनच म्हणायची पद्धत हाय."

ती गेली, एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण पिणाऱ्यांत उभं राहून मयताचं कसं सांगावं? मागं चिठ्ठ्या घेऊन लोक थांबलेले. माझ्या तोंडातून नाव निघून गेलं. त्यानं ते माईकवरून मोठ्यानं घेतलं, पुढं 'मामी' लावून.

अन् मी मागं वळून बघितलं. कुठं बसली ती, म्हणून.

मधल्या टेबलावर बियाणाच्या दुकानातली पोरं बसली होती. त्यांनी गिलास वर केले. "मामींच्या नावानं अजून एक होऊन जाऊ दे," एक म्हणाला. दुसऱ्यानं नुसतं नावच घेतलं, लांबवून, जशी गल्लीच्या टोकावरून हाक मारावी. बार हसला. पोरं वाईट नव्हती, त्यांना काय ठाऊक? गाणं झालं, पण त्यातला एक शब्द माझ्या कानात शिरला न्हाई.

हितपर्यंत समदं मी रिक्षावाल्याला सांगितलं, त्यानं माझ्या लेकीला फोनवर सांगितलं, मी किती उशिरा परतलो तेबी. पुढचं कुणाला सांगितलं न्हाई. मी उठून जायला पाहिजे होतं. उठलो न्हाई. दुसरा सोडा मागवला. पोरं दर गिलासाला तिचं नाव घेऊन राहिली होती अन् मी त्याची वाट बघत बसलो होतो. जरा येळ कुणी घेतलं न्हाई की मला वाटायचं, अजून मागवा रे. दारू मागवा, पण नाव घ्या. असा मी म्हातारा.

लेक निलंग्याहून आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलली.

"आबा, आईचं नाव पिणाऱ्यांच्या तोंडात दिलं तुम्ही. ती कधी त्या गल्लीतून डोईवरचा पदर सोडून चालली न्हाई."

मी म्हणालो, गाणं ऐकायला गेलतो.

"गाणं तर एकच होतं. मग एवढा येळ कशाला बसला?"

मी खाली बघितलं. तिला वाटलं मी प्यालो असंल. तसंच वाटू दिलं. खरं सांगण्यापरीस ते बरं होतं. पुन्हा जाणार न्हाई असं तिनं कबूल करून घेतलं. भाकरी केल्या, दोघं जेवलो.

दुसऱ्या दिवशी तिला स्टँडवर सोडायला गेलो. निलंग्याची गाडी लागली, लोक चढायला लागले. मी म्हणालो, "एक सांगतो. तुझ्या आईचं नाव घे एकदा."

तिनं गाडीच्या दांडीवरचा हात काढला. मग तिचा आवाज उतरला.

"त्याच्यासाठी बसला होता का?"

मी तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

"मी कशी घेऊ, आबा. आई हाय माझी. तुम्हीच घ्या. मी ऐकते."

तोंड उघडलं. बारमध्ये परक्या माणसापुढं निघालेलं नाव पोटच्या लेकीपुढं निघंना. कंडक्टरनं घंटी मारली. ती चढली अन् खिडकीत बसून माझ्या तोंडाकडं बघत होती, गाडी वळेपर्यंत.

गाडी फाटकाबाहेर गेली तवा नाव निघालं. चांगलं मोठ्यानं निघालं. बाजूला पेरूची टोपली घेऊन बसलेल्या बाईनं वर बघितलं.

"कुणाला हाक मारायलाव, बाबा?"

"घरच्यांला," म्हणालो, अन् टोपीचं टोक पुढं ओढून चालायला लागलो.