अरुणाताईंची पाच दहाची बस

मँचेस्टरची ट्रॅम जिथे संपते तिथून साडेतीन मैल पुढे आमचं गाव. तिथल्या एका भाड्याच्या घरात आम्ही चौघं मराठी माणसं राहतो. अरुणाताई सोडल्या तर बाकीचे तिघं लॅपटॉपवाले. आम्ही डोळे चोळत उठतो तेव्हा ताई हॉस्पिटलात कामाला लागून तास उलटलेला असतो. त्या नागपूरच्या, सत्तेचाळीस वर्षांच्या, नर्स. ड्रायव्हिंगची टेस्ट तीनदा दिली, तिन्ही वेळा नापास. "गाडी आपलं काम नाही," म्हणून त्यांनी विषय संपवला.

त्यांचा सगळा दिवस पहाटे पाच दहाच्या बसवर बेतलेला होता. गेल्या वर्षी कंपनीने ती बस बंद केली. म्हणे प्रवासी नाहीत. मग ताई कोण होत्या, हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून त्या ट्रॅमपर्यंत चालत जातात आणि संध्याकाळी घरी आल्या की जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसतात. बूट काढायचंही त्राण नसतं. मला ते बघवत नाही, म्हणून मी चहा टाकतो. दुसरं काय करणार?

मग कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, मतदान जाहीर केलं. रोखे काढून पैसा उभा करायचा, बंद पडलेल्या बस परत आणायच्या, आणि रोखे फेडायला कौन्सिल टॅक्स थोडा वाढवायचा. हो की नाही? ताईंना हुरूप आला. सुट्टीच्या दिवशी त्या डेबोरा आंटींबरोबर दारोदार फिरल्या. आंटी मुंबईच्या ज्यू, इथे येऊन पन्नास वर्षं झालेल्या. कुणी ऐकून घेतलं, कुणी तोंडावर दार लावलं. ताई प्रत्येकाला तेच सांगायच्या, "प्लीज व्होट यस. माय नीज आर फिनिश्ड."

मतदानाच्या संध्याकाळी आंटी आमच्या दारात आल्या.

"अरुणा, तू व्होट केलंस ना?"

"अहो आंटी, मी व्हिसावर. मला कसलं व्होट?"

"हू टोल्ड यू दॅट? तू इंडियन सिटिझन, म्हणजे कॉमनवेल्थ. इथे राहतेस, तर तुला व्होट आहे. फक्त नाव रजिस्टर करायचं असतं. दर वर्षी कौन्सिलचं लेटर येतं की, घरात कोण कोण राहतं विचारायला!"

"मग आता जाऊन करते ना."

"नो, डार्लिंग. डेडलाइन कधीच गेली."

मी किचनमध्ये होतो. हातातला कप तसाच खाली ठेवला. ते पत्र आलं होतं. व्हिसावरच्या माणसांची एक रीत असते: होईल तोवर सरकारी कागदावर नाव घालायचं नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, तसंच हे. मी पत्र रीसायकलिंगच्या डब्यात टाकलं, आणि वर गावातल्या मराठी ग्रुपवर अक्कलही पाजळली: 'असं पत्र आलं तर नावं भरू नका. आपल्याला व्होट नाही, उगाच व्हिसाला लचांड.' सगळ्यांनी आभार मानले. मीही खूश झालो होतो.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. एकोणीस मतांनी 'नाही' जिंकलं.

ताई पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. "ताई, पत्र आलं होतं. मीच फेकलं. ग्रुपवरही मीच लिहिलं होतं." मला शरमेने मान वर करवेना.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ग्रुपवरचं वाचलं होतं रे मी ते," गुडघा चोळत त्या म्हणाल्या. "म्हटलं, परीक्षित शिकलेला, त्याला माहीत असणार. आपल्या गावातल्या सगळ्या इंडियन नर्सेसना मीच इंग्लिश करून पाठवलं. बावीस जणी आहेत."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

"एवढी दारं वाजवली मी," त्या म्हणाल्या. "त्यांची तेवढी सोडली."

"चहा टाकू?"

"नको. चारला उठायचंय."

बूट न काढताच त्या कठड्याला धरून वर गेल्या.