मला कुणी उचललं नाही

"मावशी, उठा. तुमची चिठ्ठी बदललीय."

मी शाळेच्या मैदानावर उताणी पडले होते. मे महिन्याची दुपार. पाठीखालची माती तव्यासारखी तापलेली. कपाळावर आणि डाव्या मांडीवर होळीचा उरलेला लाल रंग पाण्यात कालवून फासलेला. ते माझं रक्त. गळ्यात सुतळीनं बांधलेली लाल चिठ्ठी. लाल म्हणजे गंभीर जखमी. चालता येत नाही. सगळ्यांत आधी उचलायचं.

बंडू माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. अंगात नारिंगी जाकीट. मागे दोन पोरं, त्यांच्या हातात रिकामं स्ट्रेचर. त्यानं खिशातून हिरवी चिठ्ठी काढली. हातात दिली नाही. माझ्या छातीवर टाकली. वरून. बोट लागणार नाही इतक्या उंचीवरून.

हिरवी म्हणजे किरकोळ. आपल्या पायांनी जायचं.

"गाडीपर्यंत चालत जावा. लवकर. साहेब टाइम बघायलेत."

हे मॉक ड्रिल होतं. खोटी लढाई, खोटे जखमी. बंडूचं ते दोन हातांचं अंतर तेवढं खरं होतं.

खरी लढाई तिकडे सीमेवर पेटली होती. आमचं गाव पूर्णा तालुक्यात, चुडाव्याच्या स्टेशनापासून जीपनं अर्धा तास. विमान पाहायचं तर आम्ही मान वर करून आभाळातली पांढरी रेघ बघतो. तरी लढाई घरात आली. आधी टीव्हीतून, मग मोबाइलमधून, मग चुलीपर्यंत. पिठाच्या गिरणीवर रांग लागली. ज्यांच्याकडे जागा होती त्यांनी गहू, साखर, तेल पोत्याडब्यांनी भरून ठेवलं. दुकानातली साखर संपली तेव्हा वस्तीतल्या बायका पिशव्या घडी करून परत आल्या. पुरुष पारावर बसून कुठलं शहर कधी पडेल ते सांगत होते. पाणी, सरपण, पीठ, दिवा झाकणं, म्हातारी माणसं, पोरं, हे सगळं बायकांकडे. रात्री बाहेरून दिवा दिसला तर शिवी घरातल्या बाईलाच.

मी अंगणवाडीत मदतनीस आहे. चोवीस वर्षं झाली. आम्ही बौद्ध. वस्ती ओढ्याच्या अलीकडे, गाव पलीकडे. बंडू गावातला, मोठ्या शेताच्या घरचा. लहानपणी तोही माझ्याच अंगणवाडीत यायचा. मी शिजवलेली खिचडी त्याच्या पोटात जाऊ नये म्हणून त्याची आई त्याच्याबरोबर डबा पाठवायची. ते पोर डब्यातली पोळी हातात धरून दुसऱ्यांच्या खिचडीकडे बघत बसायचं.

लढाई सुरू झाली आणि आमच्या सेविकाताईंनी माझ्या हातात वही दिली. वरून सांगणं होतं. घरोघर जाऊन यादी करायची. गरोदर किती, बाळंतिणी किती, अंथरुणाला खिळलेले किती, कुणाला पळता येणार नाही. ताईंना उन्हाचा त्रास होतो. मी तीन दिवस फिरले. वस्तीत घरात बसून विचारलं. गावात पायरीखाली उभी राहून विचारलं. बंडूची आजी दोन वर्षांपासून पलंगावर आहे. तिची माहिती त्याच्या आईनं आतूनच ओरडून सांगितली. मी उन्हात उभी राहून लिहून घेतली. वय, आजार, कुठल्या खोलीत, पलंग दाराकडे की भिंतीकडे. गाव आणि वस्ती मिळून चालता न येणारी माणसं अकरा. हे माझ्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं.

मला वाटलं, आपण कामाचं माणूस आहोत.

ड्रिलच्या दिवशी सकाळी शाळेत सभा झाली. निवृत्त हेडमास्तर बोलायला उभे राहिले. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. भाषण चांगलं करतात. म्हणाले, "आता लढाई फक्त सीमेवर होत नाही. ती गावागावात, घराघरात होते. आजपासून प्रत्येक नागरिक सैनिक आहे." मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. ते आज सांगायला लाज वाटते, पण वाजवल्या.

मग कौसाबाईचा सत्कार झाला. कौसाबाई माझी शेजारीण. तिचा लेक फौजेत, तेव्हा सीमेवरच होता. चार दिवस त्याचा फोन बंद. गुरुजींनी शाल हातात घेतली आणि माइकवर म्हणाले, "आपल्या गावच्या वीरमाता…"

कौसाबाई खुर्चीतून ताडकन उठली.

"ओ गुरुजी! माझा लेक जित्ता हाय. वीरमाता कामून म्हणायलाव?"

सगळी सभा हसली. गुरुजीही हसले. "अहो, मानानं म्हणतो आम्ही."

"मान नगं. जित्ता हाय तो. वापस घ्या आधी तुमचा शब्द."

शब्द कुणी मागं घेतला नाही. शाल तिच्या अंगावर टाकली, फोटो काढला. ती खाली येऊन माझ्याजवळ बसली. हात गार पडलेले. मला म्हणाली, "मेल्यांनी पोरगं मारलं की गं माझं, माइकवर."

शाल अंगावर टाकताना गुरुजींचे हात तिला लागले की नाही, ते तेव्हा मी पाहिलं नव्हतं. नंतर आठवून पाहिलं. आठवलं नाही.

दुपारी जखमी पाहिजे होते. उचलणाऱ्यांचं शिक्षण दोन दिवस आधी देवळाच्या मंडपात झालेलं. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. जाकिटं वाटून झाली होती. ताई म्हणाल्या, "तुमी वस्तीतल्या पाच जणी गंभीर जखमी व्हा. काम काईच न्हाई. नुस्तं पडून राहायचं."

"आन उचलणाऱ्यांत?"

"ते पोरांचं काम हाय. वजन उचलायचं असतंय."

वजन. आमच्या वस्तीतल्या बायकांनी हळदीची पोती उचलली. ओढ्याला पाणी असताना अडलेली बाई बाजेसकट उचलून डांबरी सडकेपर्यंत नेली. माणूस कसा उचलायचा ते आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. मान आधी धरायची, कंबरेखाली लुगडं सरकवायचं, चौघींनी एकदम श्वास घ्यायचा. पण मी बोलले नाही. पडून राहा म्हटलं, पडले.

लाल चिठ्ठीचे आम्ही बारा जण. वस्तीतल्या पाच जणी. बाकी गावातले, त्यांत सेविकाताई. ताईंच्या खाली सतरंजी होती. आम्ही मातीवर. मोबाइलमधला सायरन माइकला लावला. पोरं पळत आली. जखमींना न्यायच्या गाडीपाशी बाहेरून आलेले एक साहेब घड्याळ बघत उभे.

आधी ताईंना उचललं. "ताई, वजन लय वाढलं की," कुणीतरी म्हणालं, ताई स्ट्रेचरवर पडल्या पडल्या हसल्या. मग एक मुलगी. मग दोन पोरं. एकेक करून सात जण गेले. मी मान वळवून मोजत होते. आठवी मी.

आणि बंडूनं हिरवी चिठ्ठी टाकली.

"कामून बदलली?" मी पडूनच विचारलं.

"टाइम न्हाई मावशी. आन बायामाणसाला हात कसा लावावा?"

"ताई बाई न्हाईत का?"

मागची पोरं जमिनीकडे बघत होती. स्ट्रेचर माझ्या पायांशीच होतं. कापड टेकायचं, मला सरकवायचं, उचलायचं. बस. दहा मोजेपर्यंत झालं असतं.

हिरव्या चिठ्ठ्या आम्हा पाचही जणींवर पडल्या होत्या. तेवढ्यात आमच्यातल्या तीन जणी उठल्या. पदर झटकला आणि हिरव्या चिठ्ठ्या हातात धरून गाडीकडे चालू लागल्या. मी त्यांना दोष देत नाही. माती भाजत होती, आणि आयुष्यभर उठ म्हटलं की उठायची सवय. कौसाबाई कोपरावर उठली होती. मी म्हणाले, "पड."

"आगं, कशाला तमाशा…"

"पड म्हणते ना. तुझी मांडी तुटलीय."

ती पडली.

गुरुजी लगबगीनं आले. "अहो बाई, साहेब वेळ मोजतायत. गावाचं नाव खराब होईल. हा सराव आहे."

"सराव हाय तर मग उचला की. सरावच करा."

"मावशी, खेळ हाय हा," बंडू म्हणाला.

"मी जखमी हाय. माझा पाय तुटलाय. मी चालत न्हाई."

मग कौसाबाई बोलली. डोळ्यांवर पदर घेतलेला, आवाज पदराखालून. "बंडू, तुझ्या बापाला शेतात पान लागलं तवा आमीच खुरपायला होतो. साप निघून गेला आन तुझे गडी पळाले. ह्या बाईच्या लुगड्यात घालून सडकंवर आणला तुझा बाप. तवा कुणी चिठ्ठी इचारली न्हाई."

बंडूचं तोंड लाल झालं. क्षणभर मला वाटलं, वाकेल. गुडघा थोडा हललाही होता. पण मैदानाच्या कडेला त्याचे चुलते उभे होते. त्यानं तिकडे पाहिलं. मग सरळ झाला. पोरांना म्हणाला, "चला."

रिकामं स्ट्रेचर घेऊन ते गेले.

साहेबांनी शिट्टी वाजवली. ड्रिल संपलं. टाळ्या झाल्या. माणसं आमच्या कडेकडेनं गेली. कौसाबाई आणि मी मैदानाच्या मध्ये पडलेल्या. आभाळ पांढरं झालेलं. मला रडू आलं नाही. राग होता, पण त्याहून जास्त एक गोष्ट लख्ख दिसत होती. बाँब पडला तरी असंच होईल. बाँब आडनाव बघणार नाही, पण त्यानंतर येणारी माणसं बघतील. चिठ्ठी माझ्या जखमेवरून ठरणार नाही, माझ्या ओढ्यावरून ठरेल. लाल रक्तात पडलेल्या बाईच्या छातीवर हिरवा कागद टाकतील आणि वर लिहितील, किरकोळ. प्रत्येक नागरिक सैनिक, असं सकाळी सांगितलं होतं. सैनिकाच्या आईला दुपारी उचललं नाही.

आम्ही आमच्या आम्हीच उठलो. पण गाडीकडे गेलो नाही. घरी गेलो.

संध्याकाळी ताई कागद घेऊन आल्या. आमच्या दारात उभ्या राहिल्या. कागदावर छापलेलं होतं, सर्व जखमींना वेळेत हलविण्यात आले. खाली बारा नावं, पुढे सह्यांची जागा. अकरा सह्या आधीच झालेल्या. कौसाबाईचा अंगठासुद्धा होता. तिला काय वाचून दाखवलं कुणास ठाऊक.

"सही कर. फोटोबरोबर पाठवायचंय."

मी पेन घेतलं आणि माझ्या नावापुढं लिहिलं, "मला कुणी उचललं नाही. मी मैदानातच आहे." त्याखाली सही केली.

ताईंनी ते वाचलं. "हे काय केलंस? माझ्यावर येईल हे."

"तुमाला उचललं ना ताई? मग तुमच्यावर कसं येईल?"

ताई कागदाची घडी करून निघाल्या. त्या वाईट बाई नाहीत. पण स्ट्रेचरवरून त्यांनी एकदा मान वळवून मागं पाहायला पाहिजे होतं.

लढाई थोड्याच दिवसांत थांबली. कौसाबाईच्या लेकाचा फोन आला. ती त्याच्याशी पावसापाण्याचं, शेळीचं बोलली. मैदानाचं एक अक्षर नाही. मी म्हणाले, सांग की त्याला. ती म्हणाली, "त्येच्या हातात बंदूक हाय. डोस्क्यात हे नगं." मला तिचा राग आला. अजून येतो. कुणाच्या डोक्यात नको म्हणून किती दिवस आपल्याच डोक्यात ठेवायचं?

मग मला खुलाशाचं पत्र आलं. कागदावर अनावश्यक मजकूर लिहिल्याबद्दल कारवाई का करू नये. ताईंनी सुचवलं, "चूक झाली म्हणून लिही. एका ओळीत मिटतंय." गुरुजींचाही निरोप आला, बाईनं ताणू नये, गावात सलोखा आहे. सलोखा. आम्ही उठून चालत गेलो की सलोखा.

मी एका ओळीतच उत्तर दिलं. "लिहिलेला मजकूर आवश्यक आहे, तो तसाच ठेवावा." कामावर ठेवतील की काढतील, अजून कळलेलं नाही. रोज जाते, खिचडी शिजवते.

दुसरा एक अर्जही दिला आहे. उचलणाऱ्यांत माझं आणि वस्तीतल्या आठ बायकांचं नाव घ्यावं, आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडे द्यावा. पोच घेतलीय. जाकीट देवोत न देवोत, दर रविवारी आम्ही विहारामागच्या जागेत सराव करतो. मैदानातून उठून गेलेल्या तिघी पहिल्या रविवारीच आल्या. मान, कंबर, लुगडं, एकदम श्वास. कौसाबाई सगळ्यांत जड, म्हणून तिलाच पाडतो. ती खालून शिव्या देते.

यादीची वही ताईंनी परत मागितली होती. मी नक्कल दिली. मूळ वही माझ्याकडे आहे. चालता न येणारी अकरा माणसं. त्यातली नऊ गावातली. एक बंडूची आजी, आतली खोली, पलंग भिंतीकडे.

गावातल्यांना उचलायला तुम्ही जाणार का, असं मला विचारतात. जाणार. लाल चिठ्ठी असेल त्याला आधी, घर कुणाचंही असो. पण पायरीखाली उभं राहून माणूस उचलता येत नाही. आम्ही उंबऱ्याच्या आत येऊ. चप्पल घालून, आतल्या खोलीपर्यंत. माणसाच्या मानेखाली आमचा हात घालू.

ज्या घराला ते चालणार नाही, त्यांनी आत्ताच सांगावं. वहीत त्यांच्या नावापुढं मी हिरवी खूण करून ठेवते.

त्यांनी चालत यावं.