शेवटच्या दहा ओळी

अठ्ठ्याऐंशी साल असेल. आमच्या कुडाळच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला आणि आवक पत्रांची नोंद शिकवायला एक जण आठ दिवस मुंबईहून आला. मूळचा धामापूरचा. साहेबांशी शुद्ध बोलायचा, माझ्याशी मालवणी. चष्मा कपाळावर सारून 'टेल' टाइप करायचा, की पडद्यावर फाइलीच्या फक्त शेवटच्या दहा ओळी यायच्या.

"आख्खी फाइल कित्याक वाचूची, बाई? काल खंय थांबलंव, ता शेवटाक कळता."

शनिवारी शेवटची नोंद त्यानेच केली आणि तो एस्टीत बसला.

सोमवारी मी 'टेल' दिलं. तळाशी त्याची ओळ होती. प्रत्येक नव्या पत्रासरशी ती एकेक ओळ वर सरकू लागली. दहावं पत्र चढवलं असतं, तर दिसेनाशी झाली असती.

टेबलावर पत्रांचा ढीग होता. त्या दिवशी मी नऊच चढवली.