मधली नऊ इंची भिंत

मित्रहो, आज सकाळी इस्लामपुरात इंजिनिअरच्या माडीवरच्या कचेरीत आमच्या नियोजित घराचा नकाशा हाती आला आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

मी आणि फौजेतून निवृत्त झालेला माझा धाकटा भाऊ मिळून एकच घर बांधत आहोत. जमीन काळी, म्हणून तळघर नको; सर्व खोल्या तळमजल्यावरच हव्यात, एवढेच आम्ही इंजिनिअरला सांगितले होते.

सवयीप्रमाणे मी पट्टी लावून पाहिली. आतल्या सगळ्या भिंती साडेचार इंची. मधली मात्र नऊ इंची, पुढच्या दर्शनी भागापासून परसापर्यंत सरळ. तिच्यात दार एकच. उद्या ते बुजवले की दोन घरे तयार!

संशयाने भावाकडे पाहिले, तर तोच माझ्याकडे रोखून पाहत होता.

"दादा, खरं सांग. तूच सांगितलंस न्हवं ह्यांना?"

"मी? मला वाटलं, तू."

इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "आवं, कुणीच न्हाई सांगितलं. भावाभावांचं घर असलं की मी ती भिंत आधीच धरतो. मागनं फोडाफोड करायची म्हंजे लय ताप हुतोय."

आम्ही दोघेही मोठ्याने हसलो. परंतु 'ती भिंतही साडेचारचीच करा' असे दोघांपैकी एकानेही म्हटले नाही.

जिना उतरताना भावाने हळूच विचारले, "दादा, त्या दाराची कडी कुणाच्या बाजूला रं?"

मी अद्याप उत्तर दिलेले नाही. तुम्ही काय दिले असते?